दलाल एक, दुभाषे अनेक

चाकण-पिंपरी पट्ट्यातील कारखान्यांना माल पुरवणाऱ्या आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांची एक तक्रार अलीकडे वारंवार कानावर येते. माल वेळेवर पोहोचला, मापात खोट नाही, भावात तंटा नाही, बिल्टीवर पोच मिळाली, तरीही पैसे अडकले. विचारायला गेले की उत्तर ठरलेले, "तुमचे बिल सिस्टीमने घेतले नाही." सिस्टीमने ते का घेतले नाही आणि तिच्यापुढे रदबदली कोणी करायची, हे सांगणारा माणूस मात्र खिडकीवर नसतो.

अशा वेळी आपला माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर नशिबाला बोल लावून महिनाभर खेटे घालतो, नाही तर "लहान व्यापाऱ्याला छळण्याचा हा डाव आहे" असे म्हणून तो ग्राहकच सोडून देतो. आमच्या मते दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत. बिल अडकण्यामागे बहुतेक वेळा कोणाची बेइमानी नसते. दोन संगणकांची भाषा जुळलेली नसते आणि मध्ये दुभाष्या नसतो, किंवा असलेला दुभाष्या कच्चा असतो. हा दुभाष्या संगणकात कसा बसवतात, त्याची समज कशी वाढवतात आणि आपल्या पेढीने त्याबाबत काय पाहावे, याची माहिती आज वाचकांपुढे ठेवत आहोत. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, उमर कापडाच्या धंद्यात गेली. संगणकाचा इल्म आमच्याकडे जेमतेम आहे. पण हा विषय समजायला संगणकापेक्षा बाजाराची समज जास्त उपयोगी पडते.

सौदागरांच्या नावाचे गाव

आमची पेढी पिंपळे सौदागरात आहे. सौदागर हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ व्यापारी. पवना नदीच्या काठचे हे गाव आता पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीतील दाट वस्ती झाले आहे. नदीपलीकडे पिंपरीचा बाजार, पश्चिमेला हिंजवडीचा माहिती-तंत्रज्ञानाचा परिसर आणि उत्तरेला भोसरी ओलांडून गेले की चाकण. हिंजवडीत संगणकाचे काम करणारी हजारो मुले याच भागात राहतात. म्हणजे चाकणच्या कारखान्याला कापड देणारा व्यापारी आणि त्या कारखान्याचे संगणक बोलते करणारा मुलगा, हे दोघे एकाच गल्लीत भाजी घेतात. पण एकाचे काम दुसऱ्याला माहीत नसते.

मोटारींच्या धंद्यात कागदाऐवजी संगणकावरून ऑर्डर पाठवण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेत त्यासाठी १९७९ पासून एक्स-१२ नावाचा नमुना तयार होऊ लागला. युरोप आणि इतर देशांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने एडिफॅक्ट हा नमुना आला आणि १९८७ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. एक्स-१२ मध्ये खरेदीच्या ऑर्डरला ८५० हा आकडा आहे, माल निघाल्याच्या वर्दीला ८५६ आणि बिलाला ८१०. एडिफॅक्टमध्ये याच तीन कागदांना ऑर्डर्स, डेसॅडव्ह आणि इनव्हॉइक अशी नावे आहेत. कागद तेच, व्यवहार तोच, पण नावे वेगळी आणि मांडणीही वेगळी. चाकणला २००९ पासून जर्मन गाड्यांचे कारखाने उभे राहिले, देशी कंपन्या त्याआधीपासून आहेतच. प्रत्येकाच्या संगणकाची रीत आपापली. त्यांना माल देणारा मोठा पुरवठादार ती रीत सांभाळतो, त्याच्या हाताखालचा मधला पुरवठादारही कशीबशी सांभाळतो. पण गणवेशाचे ड्रिल, हातमोजे, यंत्रे पुसायचे कापड देणाऱ्या आमच्यासारख्याच्या दुकानात हिशेबाचा एक तयार कार्यक्रम आणि एक वही, एवढाच सरंजाम असतो.

दलालाची जागा

संगणकांच्या या व्यवहारात मध्ये बसणारा एक कार्यक्रम असतो, त्याला इंग्रजीत ब्रोकर म्हणजे दलालच म्हणतात. नाव अगदी योग्य आहे. भिवंडीचा माल पुण्यात विकताना विणकर आणि दुकानदार एकमेकांना भेटतीलच असे नाही. दलाल एकाचा निरोप घेतो आणि दुसऱ्याला पोहोचवतो. दुकान बंद असेल तर निरोप जपून ठेवतो आणि उघडल्यावर देतो. संगणकातला दलाल हेच करतो. पाठवणारा संदेश त्याच्या हवाली करून मोकळा होतो. घेणाऱ्याचा संगणक बंद असला, वीज गेली असली, तरी संदेश रांगेत थांबतो आणि संगणक सुरू झाल्यावर पोहोचतो.

अशा दलालांचाही इतिहास आहे. आयबीएम कंपनीने १९९३ मध्ये एमक्यू-सिरीज नावाचा कार्यक्रम बाजारात आणला, तो बँका आणि मोठ्या कंपन्यांत पसरला. पण एका कंपनीचा दलाल दुसऱ्या कंपनीच्या दलालाशी बोलेना. म्हणून २००३ मध्ये जेपी मॉर्गन चेस या बँकेत सर्वांना वापरता येईल अशी दलालीची एक मोकळी रीत आखायला सुरुवात झाली. तिला एएमक्यूपी म्हणतात. त्या रीतीवर चालणारा रॅबिट-एमक्यू हा कार्यक्रम २००७ मध्ये आला. अपाचे या संस्थेचा अ‍ॅक्टिव्ह-एमक्यू हा आणखी एक दलाल. हे शेवटचे दोन्ही फुकट मिळतात आणि त्यांची आतली रचनाही कोणाला पाहता येते. लहान पेढ्यांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

दुभाष्याचे काम

दलालाने निरोप पोहोचवला तरी घेणाऱ्याला तो कळला पाहिजे. इथे दुभाष्या लागतो. ग्रेगर होप आणि बॉबी वुल्फ या दोघांनी २००३ मध्ये संगणकांच्या जोडणीवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात या भागाला संदेशाचा भाषांतरकार असेच नाव दिले आहे. आम्ही त्याला तर्जुमा करणारा म्हणू. तो एका बाजूचा संदेश घेतो, त्याचा अर्थ न बदलता दुसऱ्या बाजूच्या नमुन्यात मांडतो आणि पुढे पाठवतो.

आमच्याच धंद्यातील उदाहरणे घेतो, म्हणजे काम किती नाजूक आहे ते ध्यानात येईल.

पहिली गोष्ट मापाची. आपण तागा म्हणतो. जीएसटीच्या बिलात मापासाठी ठरलेले संक्षेप आहेत. मीटर, वार, नग, डझन, रोल, गाठ, किलो यांना त्यात जागा आहे, पण तागा नावाचे माप त्यात नाही. तागा कधी २० मीटरचा असतो तर कधी ४० चा. दुभाष्याने तागा म्हणजे एक नग असे लिहून टाकले तर कारखान्याच्या संगणकाला ८०० मीटरच्या ऑर्डरवर २० नग आल्याचे दिसते आणि बिल परत येते. वार आणि मीटरचेही तसेच. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर. १०० वार कापड ६० रुपये वाराने दिले तर ६,००० रुपये होतात. त्याचेच ९१.४४ मीटर करून भाव ६५.६२ रुपये मीटर लावला तर बेरीज ६,००० रुपये २९ पैसे येते. माणूस २९ पैशांसाठी भांडत नाही. संगणक मात्र ऑर्डर आणि बिल ताडून पाहतो आणि तेवढ्यावरच अडून बसतो.

दुसरी गोष्ट तारखेची. ८ मार्चला आपण ०८/०३ लिहितो. अमेरिकी रीतीने तेच ३ ऑगस्ट होते. एडिफॅक्टमध्ये याला सरळ तोड आहे. तारखेसोबत तिच्या मांडणीचा आकडाही लिहायचा. १०२ असे लिहिले असेल तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे आठ आकडे वाचायचे. तारीख एकटी पाठवू नये, ती कशी वाचायची हेही सोबत पाठवावे, हा धडा त्यात आहे. उधारीचे दिवस तारखेपासून मोजले जातात, म्हणून ही चूक थेट गल्ल्यापर्यंत येते.

तिसरी गोष्ट मालाच्या संकेतांकाची. आपल्या वहीत नुसते "खाकी ड्रिल" लिहिलेले असते. करासाठी एचएसएन संकेतांक लागतो. कापडात ८५ टक्के किंवा अधिक सूत असेल आणि वजन चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंत असेल तर ५२०८, त्याहून जड असेल तर ५२०९. पॉलिस्टर जास्त आणि सूत कमी असे टेरिकॉट असेल तर १७० ग्रॅमपर्यंत ५५१३ आणि पुढे ५५१४. आता सांगा, "खाकी ड्रिल" या दोन शब्दांवरून दुभाष्याने यातला कोणता आकडा निवडायचा? मूळ कागदात जे लिहिलेलेच नाही त्याचा तर्जुमा जगातला कोणताही दुभाष्या करू शकत नाही. तो गप्प बसेल किंवा अंदाजाने काही तरी लिहील, आणि अंदाज हा धंद्यात सर्वांत महाग पडतो. म्हणून आपल्या मालाच्या यादीत प्रत्येक कापडापुढे सूत किती टक्के, वजन किती ग्रॅम, पन्हा किती आणि ताग्याची लांबी किती, हे रकाने भरून ठेवणे हीच दुभाष्याला खरी मदत आहे. हे काम कोणताही संगणकवाला आपल्यासाठी करून देणार नाही. माल ओळखणारा माणूसच ते करू शकतो.

तीस की बारा

समजा, व्यवहारात सहा पक्ष आहेत आणि प्रत्येकाची भाषा वेगळी आहे. प्रत्येकाने दुसऱ्या प्रत्येकासाठी वेगळा दुभाष्या ठेवला तर सहा गुणिले पाच, म्हणजे ३० दुभाषे लागतील. सातवा आला की आणखी १२ वाढतील. पण सर्वांनी मिळून मधली एक भाषा ठरवली, तर प्रत्येकाला फक्त दोन दुभाषे लागतात, एक आपल्या भाषेतून मधल्या भाषेत नेणारा आणि दुसरा उलट आणणारा. सहा पक्षांना १२ दुभाषे पुरतात आणि सातवा आला की दोनच वाढतात. बाजारात वेगवेगळ्या मुलखांचे लोक एकत्र आले की मधली बोली अशीच तयार होते.

आपल्या देशात बिलापुरती अशी मधली भाषा सरकारने ठरवून दिली आहे. तिचे नाव जीएसटी आयएनव्ही-०१. ई-इनव्हॉइसची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून सुरू झाली. मग १०० कोटी, ५० कोटी, २० कोटी, १० कोटी अशी पायरी उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवर आली. बिल जेसन नावाच्या मांडणीत सरकारी नोंदणी-केंद्राकडे जाते. तिथून ६४ अक्षरांचा आयआरएन क्रमांक आणि क्यूआर चौकोन मिळतो. ज्यांना ही सक्ती लागू आहे त्यांचे या क्रमांकाविना दिलेले बिल कायद्याने बिलच नव्हे. या केंद्रावर दिलेले बिल दुरुस्त करता येत नाही. ते फक्त २४ तासांच्या आत रद्द करता येते. म्हणजे दुभाष्याची चूक चोवीस तासांत लक्षात आली नाही तर पुढची दुरुस्ती क्रेडिट नोटा आणि विवरणपत्रांच्या वाटेने करावी लागते.

ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या आत आहे त्यांना ही सक्ती नाही. पण आमचे मत असे की अशांनीही आपल्या बिलाचे रकाने या नमुन्याबरहुकूम ठेवावेत. उद्या नवा ग्राहक वेगळा नमुना मागेल तेव्हा फक्त एका बाजूचा दुभाष्या नवा करावा लागेल, सगळे घर उसवावे लागणार नाही.

नवा दुभाष्या जोडावा कसा

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दलाल विकत घेतला किंवा फुकट मिळवला, त्यासोबत पाच-सहा दुभाषे तयार आले. पण सातवी भाषा बोलणारा ग्राहक आला तर काय? इथेच चांगल्या आणि वाईट रचनेतला फरक दिसतो. वाईट रचनेत दुभाष्या दलालाच्या पोटात शिवलेला असतो. नवा बसवायचा तर सगळे शिवण उसवावे लागते आणि जुने बिघडण्याची भीती असते. चांगल्या रचनेत दलालाच्या अंगाला काज आधीच पाडलेली असतात. नवे बटण तयार करून लावले की काम झाले.

अ‍ॅक्टिव्ह-एमक्यूचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्याच्याशी स्टॉम्प नावाच्या साध्या अक्षरी बोलीत बोलता येते. संदेशाच्या माथ्यावर एक ओळ लिहिता येते, त्या ओळीचे नाव ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे रूपांतर. तिथे हव्या त्या दुभाष्याचे नाव लिहायचे. तयार दुभाष्यांपैकी काही एक्सएमएल मांडणीचे, काही जेसन मांडणीचे आहेत. दलाल ती ओळ वाचतो आणि त्या नावाच्या दुभाष्याला बोलावतो. नवा दुभाष्या करायचा तर ठरलेल्या साच्यात लिहावा लागतो. बाहेरून आलेला संदेश दलालाच्या भाषेत घेणे आणि दलालाचा संदेश बाहेरच्या भाषेत देणे, ही दोन्ही कामे त्याला आलीच पाहिजेत. मग ठरलेल्या जागी त्याच्या नावाची एक छोटी फाईल ठेवायची आणि तिच्यात तो कुठे सापडेल ते लिहायचे. दलालाच्या मूळ कार्यक्रमाची एक ओळही बदलावी लागत नाही. पेढीवर नवा मुनीम ठेवला आणि दारावर त्याच्या नावाची पाटी लावली, असे म्हणा ना. जुन्या मुनिमांची गादी हलवावी लागली नाही.

दुभाष्या वाढवताना तीन पथ्ये पाळावीत, असे या कामातले जाणकार सांगतात आणि धंद्याच्या नजरेने ती आम्हालाही पटतात.

पहिले पथ्य, एका दुभाष्याला एकच काम द्यावे. माप बदलणारा वेगळा, तारीख बदलणारा वेगळा, संकेतांक लावणारा वेगळा, आणि ते एकामागे एक ओळीने उभे करावेत. सूत रंगवणारा, मागावर विणणारा आणि खळ देणारा वेगवेगळे असतात, म्हणून कापडात खोट कुठे आली ते ओळखता येते. सगळे एकाच हाताने केले की खोट शोधणे अवघड जाते.

दुसरे पथ्य, जे वारंवार बदलते ते कार्यक्रमात कोरू नये, तक्त्यात लिहावे. तयार कपड्यांचा करच घ्या. आधी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के झाला. १,४०० रुपयांचा गणवेश एका रात्रीत १२ वरून ५ वर आला. ज्यांच्या दुभाष्यात दर कोरलेला होता त्यांना कार्यक्रम लिहिणाऱ्याला शोधावे लागले, तक्ता असेल तर पेढीवरचा माणूसच ओळ भरतो. मात्र जुनी ओळ पुसायची नाही, तिच्यापुढे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते लिहायचे. कारण १० सप्टेंबरला विकलेला माल ऑक्टोबरात परत आला तर त्याची क्रेडिट नोट जुन्याच दराने करावी लागते.

तिसरे पथ्य, नव्या दुभाष्याची परीक्षा जुन्या बिलांवर घ्यावी. वीस-पंचवीस बिले निवडावीत आणि त्यात मुद्दाम अडचणीची घ्यावीत. परत आलेला माल, अर्धा मीटर कापड, सूट दिलेले बिल, वाहतूक वेगळी लावलेले बिल, सगळे असावे. त्यांचा तर्जुमा करावा, मग उलट तर्जुमा करावा आणि मूळ बिलाशी लावून पाहावा. जाताना आणि येताना बिल तेच राहिले तर दुभाष्या भरवशाचा. मधेच काही गळले, तर तो कितीही वेगवान असला तरी कामाचा नाही.

न कळलेल्या संदेशाचे काय

माणूस असलेला दुभाष्या अडला की "हे मला कळले नाही" असे तोंडाने सांगतो. संगणकाच्या दुभाष्याला तसे सांगायला आधी शिकवावे लागते. जो रकाना कळला नाही तो गुपचूप गाळून पुढे जाणारा दुभाष्या सर्वांत घातक, कारण बिल गेल्यासारखे दिसते पण पोहोचते अर्धवट.

अ‍ॅक्टिव्ह-एमक्यूमध्ये रूपांतर फसले तर मूळ संदेश टाकून देत नाहीत. तो तसाच पुढे देतात आणि माथ्यावर रूपांतर का फसले याची ओळ जोडतात. घेणाऱ्याला मूळ कागदही मिळतो आणि दोषही कळतो. शिवाय घेणारा एखादा संदेश पुन्हा पुन्हा नाकारू लागला, तर ठरावीक फेऱ्यांनंतर, सवयीने सहा फेऱ्यांनंतर, तो वेगळ्या रांगेत ठेवला जातो. टपाल खात्यात पत्ता न लागलेल्या पत्रांची वेगळी कचेरी असे, तशीच ही रांग. पण ती रांग रोज कोणी उघडून पाहिली नाही तर तिचा उपयोग नाही. ही जबाबदारी एका माणसाच्या नावावर असावी.

लहान व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरी मेख इथे आहे. कारागीर किंवा लहान उत्पादक असेल तर २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याने त्याला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळण्याचा हक्क आहे आणि उशीर झाला तर व्याज मागता येते. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती अग्रक्रमाच्या कर्जापुरती. उशिराच्या पैशांचे ते संरक्षण व्यापाऱ्याला मिळालेले नाही. म्हणजे विणून देणाऱ्याच्या पाठीशी कायदा आहे, विकत घेऊन देणाऱ्याच्या पाठीशी फक्त त्याचे कागद आहेत. ते न कळलेल्या रांगेत पडून राहिले तर त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? मूळ बिल, पाठवल्याची वेळ आणि आलेला नकार, या तीन गोष्टींची नोंद आपल्या ताब्यात असली तरच बोलायला जागा राहते.

नाव आणि लिपी

आपल्या समाजाला या विषयाचा आणखी एक काच आहे, तो नावांचा. शेख हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. मोहम्मदची तर गणतीच नाही. पॅन कार्डावर एक, बँकेत दुसरे आणि कारखान्याच्या यादीत तिसरे, असे झाले की नाव ताडून पाहणारा संगणक तिघांना तीन माणसे समजतो. यावर उपाय असा की संदेशातील ओळख नावावर ठेवू नये, जीएसटी क्रमांक, पॅन आणि खाते क्रमांक यांवर ठेवावी आणि नाव केवळ वाचण्यासाठी असावे. आपल्याकडूनही सर्व कागदांवर एकच लिखावट करून घ्यावी.

लिपीचेही तसेच. उर्दूत हिशेब ठेवणाऱ्या आणि इनपेजवर मजकूर लिहिणाऱ्या लोकांना हा अनुभव आहे. १९९४ च्या सुमारास आलेल्या इनपेजने उर्दू छपाईचे मोठे काम केले, पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांतील मजकूर सरळ दुसरीकडे नेला तर तिथे भलतीच चिन्हे दिसत. मराठीच्या जुन्या फॉन्टांचीही तीच गत. अक्षर डोळ्याला एकच दिसते, पण आतला आकडा प्रत्येकाचा वेगळा. युनिकोडने जगातील लिप्यांना एकच आकडेवारी दिली आणि जुन्या मजकुरासाठी रूपांतर करणारे छोटे कार्यक्रम तयार झाले. तेही दुभाषेच. ज्यांच्याकडे जुन्या याद्या आणि ग्राहकांची नावे अशा जुन्या लिखावटीत पडून आहेत, त्यांनी ती वेळीच युनिकोडमध्ये आणून घ्यावीत.

पैसे देण्याआधी विचारावे

हिशेबाचा किंवा जोडणीचा कार्यक्रम विकणारा माणूस दुकानात आला की तो रंगीत पडदे दाखवतो. आपण त्याला पुढील प्रश्न विचारावेत.

१. नवा ग्राहक नवा नमुना मागेल तेव्हा दुभाष्या कोण जोडणार? फक्त तुम्हीच, की आमचा माणूसही? खर्च किती आणि दिवस किती?

२. दर, मापे आणि संकेतांक तक्त्यात आहेत की कार्यक्रमात कोरलेले? तक्त्याला लागू-तारखेचा रकाना आहे का?

३. न कळलेला संदेश कुठे जातो? तो आम्हाला दिसतो का, आणि कारण सोप्या शब्दांत मिळते का?

४. एकच बिल चुकून दोनदा गेले तर काय होते? सरकारी केंद्र त्याच क्रमांकाचे बिल दुसऱ्यांदा घेत नाही, ग्राहकाचा संगणकही तसा आहे का?

५. उद्या तुमचे आमचे जमले नाही, तर आमचे तक्ते आणि मूळ बिले आम्हाला वाचता येतील अशा मांडणीत परत मिळतील का?

पाचव्या प्रश्नावर जो चाचरतो त्याच्याशी सौदा करू नये. मालाची यादी, तक्ते आणि ग्राहकांची नावे ही पेढीची पुंजी आहे. दुभाष्या भाड्याने घेता येतो, पुंजी दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवू नये.

खर्चाचा विचारही सांगून टाकतो. एका पेढीला स्वतंत्र दुभाष्या करवून घेणे जड जाते. पण एकाच कारखान्याला माल देणाऱ्या आठ-दहा पेढ्यांना तोच नमुना लागतो. त्यांनी मिळून एक दुभाष्या करवून घेतला आणि आपापले तक्ते वेगळे ठेवले, तर भावाची गुप्तता राहते आणि खर्च वाटला जातो. बाजारात एकमेकांचे स्पर्धक असलेले लोक ट्रक भाड्याने घेताना एकत्र येतात, मग इथे का येऊ नये? आणि हे काम करणारी मुले आपल्याच गल्लीत राहतात. त्यांना कापड कळत नाही, आपल्याला संगणक कळत नाही. दोघांनी चार संध्याकाळी एकत्र बसून मालाची यादी लिहून काढली तर निम्मे काम तिथेच होते. सुरुवात उद्याच करता येईल. सर्वांत जास्त खपणारे दहा प्रकारचे कापड घ्यावे, प्रत्येकाचे सूत, वजन, पन्हा, लांबी आणि संकेतांक एका कागदावर लिहावेत. तो कागद हाती असला म्हणजे कोणत्याही दुभाष्याशी आपल्याला बरोबरीने बोलता येते.